आमदारांचा विरोधी पक्ष

आमदार म्हणजे खरे आमदार नव्हेत. त्यांचं चौकात चष्म्याचं दुकान होतं, आणि निवडणुकीला उभं राहायचं सोडाच, ते कधी गल्लीतल्या वाचनालयाचे चिटणीसही झाले नव्हते. पण राज्याच्या विधिमंडळात कुठलंही विधेयक आलं की त्यावर मत देणं हे नागरिकाचं पहिलं कर्तव्य आहे असं ते मानत, आणि हे कर्तव्य ते गिऱ्हाइकाच्या नाकावर नंबर तपासायची जड फ्रेम चढवल्यावर बजावत. तसली फ्रेम चढवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. एक डोळा झाकलेला, समोरची अक्षरं धूसर, अशा अवस्थेत बिचाऱ्याला भटक्या कुत्र्यांचं विधेयक, पार्किंगचं विधेयक, शाळेच्या दप्तराच्या वजनाचं विधेयक, सगळं ऐकून घ्यावं लागे. शेजारच्या बेकरीवाल्याने त्यांचं नाव ‘आमदार’ ठेवलं ते त्या तपासणीच्या खुर्चीत बसून. तो आला होता वाचायचा चष्मा करायला, गेला पार्किंगची सगळी कलमं डोक्यात घेऊन.

बायको दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. गिऱ्हाइकाने निवडलेल्या फ्रेममध्ये काच चपखल बसावी म्हणून तिची कड यंत्रावर घासावी लागते. जरा हात हलला की काच वाया. तिचा हात कधी हलत नसे. बोलणंही बेताचंच. यंत्राच्या घरघरीत बोलणार तरी काय!

पण संध्याकाळी शटर खाली आलं की चित्र पालटे. आमदार काउंटरच्या मागे उभे राहत, बायको गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसे, आणि त्या आठवड्याच्या विधेयकावरचं भाषण सुरू होई. तिचं काम एकच, विरोध करणं. ही पद्धत आमदारांनीच लग्नानंतर पहिल्या वर्षी पाडली होती, आणि नंतर पुष्कळदा त्यांना तिचा पश्चात्ताप झाला होता, कारण बायको विरोधाला बसली की त्यांची पार भंबेरी उडवायची. कुत्र्यांच्या विधेयकाच्या वेळी तर तिने त्यांना असं पेचात पकडलं होतं की दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं मतच फिरवलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, “मी आधीपासून हेच म्हणत होतो.” विरोधी पक्षाने ओरखडा काढला नाही असं भाषण त्यांनी आजवर केलं नव्हतं.

घरात ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. ते कुणामुळे झालं नाही हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे आमदारांच्या आईने ज्याला त्याला सांगून ते ठाऊक करून दिलं होतं. आई जाऊनही आता बराच काळ लोटला, पण तिने सांगितलेलं मागे उरलं.

तर एका सकाळी आमदारांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्यांना धक्काच बसला.

“अगं, ऐकलंस का! यांनी आता कमाल केली!” ते मागच्या खोलीच्या दारात जाऊन ओरडले.

विधेयक दत्तक गेलेल्या मुलांबद्दल होतं. आजवर अशा मुलाचा मूळ जन्मदाखला मोहोरबंद असे. जन्म देणारी कोण, हे न्यायालयाखेरीज कुणाला कळायची सोय नव्हती. आता सरकार म्हणत होतं की मूल सज्ञान झालं की त्याने अर्ज करावा आणि दाखला घ्यावा, आईच्या नावासकट.

बायकोने यंत्र बंद केलं. “परत वाचा,” ती म्हणाली.

श्रोता स्वतःहून फर्माईश करतोय म्हटल्यावर आमदारांनी घसा साफ करून सगळं पुन्हा वाचलं.

“म्हणजे त्या मुलीला आईचं नाव कळेल?”

“मुलीला, मुलाला, कुणालाही! आणि त्या आईचं काय? तिच्या घराचं काय? तिच्या नवऱ्याचं काय? कुणी विचार केलाय?”

बायकोने यंत्र पुन्हा सुरू केलं. त्या दुपारी तिने शाळेतल्या एका मास्तरांच्या चष्म्याची काच वाकडी कापली. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. आमदार थोडे कुरकुरले, पण त्यांच्या डोक्यात विधेयक घुसलं होतं, त्यामुळे काच गेली तरी काचेवरचं भाषण वाचलं.

संध्याकाळी शटर ओढून त्यांनी भाषण केलं. बाहीने कपाळ पुसलं आणि विरोधी पक्षाकडे पाहिलं. “हं. बोल.”

“माझं काही म्हणणं नाही,” बायको म्हणाली.

“काहीच नाही?”

“तुम्ही चांगलं बोललात.”

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आमदारांना आधी जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग हळूहळू त्यांची छाती फुगायला लागली. जिने कुत्र्यांवरून आपल्याला धूळ चारली, तिला या भाषणात बोट ठेवायला जागा सापडत नाही म्हणजे मुद्दे अभेद्यच असले पाहिजेत! विरोधी पक्ष गप्प, म्हणजे ठराव एकमताने मंजूर. एवढ्या वर्षांत त्यांनी हा हिशेब कधी तपासून पाहिला नव्हता, आणि आताही पाहिला नाही.

विधेयकावर लोकांची मतं ऐकायला विधिमंडळाची समिती गावोगाव फिरत होती. ती त्यांच्याही गावात येणार होती. नगरपालिकेच्या सभागृहात, ज्याला बोलायचंय त्याने दारातल्या टेबलावर नाव नोंदवायचं. आमदारांच्या आयुष्यात खऱ्या आमदारांपुढे बोलायची वेळ पहिल्यांदाच येत होती.

“मीही येते,” बायको म्हणाली.

ती अशा ठिकाणी कधी येत नसे. आमदारांनी याला कौतुक समजून तिच्यासाठी बेकरीवाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. पण बेकरीवाला कसला मागे राहतोय! त्याने बेकरी मेव्हण्यावर सोपवली, चष्म्याच्या दुकानाला कुलूप घालायला लावलं आणि तोही निघाला. सभागृहाच्या दारात बायको म्हणाली, “तुम्ही दोघं पुढे व्हा, जागा धरा.” दोघं पुढे झाले.

सभागृह उंच खिडक्यांचं होतं आणि खुर्च्या प्लास्टिकच्या. समोर लांब टेबलामागे समिती बसली होती, मधोमध पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई. बाजूला एक टंकलेखक, बोललेलं सगळं उतरवून घ्यायला. माइकशेजारी दिवा होता. तो लाल झाला की थांबायचं. आमदारांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी माइक दोनदा ठोकून पाहिला, मग पहिलं वाक्य निघालं आणि गाडी रुळावर आली.

“ज्या बाईने मूल दिलं, तिला आपण सगळ्यांनी मिळून शब्द दिला होता की हे कुणाला कळणार नाही. ती पुढे गेली, तिने घर मांडलं. आज तुम्ही तो शब्द मोडायला निघालात! तिला विचारलंत का? ती बिचारी इथे येऊन बोलूही शकत नाही, म्हणून तिच्या वतीने मी बोलतोय.” इथे त्यांनी मुद्दाम थांबून सभागृहाकडे नजर टाकली. “आणि तिच्या नवऱ्याचा विचार करा. साधा माणूस. आपलं काम करतो, बायकोवर विश्वास टाकतो. आणि एक दिवस त्याला कळतं की आपण जिच्याबरोबर आयुष्य काढलं ती बाई आपल्याला माहीतच नव्हती. त्या माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्याने कुठला गुन्हा केलाय?”

दिवा लाल झाला आणि टाळ्या पडल्या. पुष्कळ पडल्या. आमदार तरंगत जागेवर आले. बेकरीवाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. बायको शेजारी बसली होती, हात मांडीवर. तिने टाळ्या वाजवल्या की नाही हे त्यांनी पाहिलं नाही.

टंकलेखकाने पुढचं नाव पुकारलं. नाव बाईचं होतं, आमदारांना अनोळखी. बायको उठली. पाणी प्यायला निघाली असेल म्हणून आमदारांनी गुडघे आवळून तिला वाट करून दिली. ती दाराकडे न जाता माइककडे गेली, तेव्हाही त्यांना वाटलं, हिची काहीतरी गफलत झाली. त्यांनी “अगं” म्हणून हळू आवाजात हाकही मारली. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की ते नाव अनोळखी नव्हतं. ते लग्नाआधीचं होतं. लग्नानंतर ते कुणी उच्चारलंच नव्हतं.

माइक तिच्यासाठी उंच होता. तिने तो खाली केला.

“माझं मत विधेयकाच्या बाजूने आहे,” ती म्हणाली. “आधीचे वक्ते ज्या बायकांच्या वतीने बोलले, त्यांतली मी एक.”

आमदारांना शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. बेकरीवाल्याची मान त्यांच्याकडे वळली आणि वळलेलीच राहिली.

“मला कुणी गुप्ततेचा शब्द दिला नव्हता. मी मागितलाही नव्हता. मला घरच्यांनी दूरच्या मावशीकडे पाठवलं. सगळ्यांना सांगितलं, शिवण शिकायला गेलीय. तिथे प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. एक रात्र माझ्याजवळ ठेवली. सकाळी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, इथे सही कर आणि विसरून जा. मी सही केली. विसरायचं मला जमलं नाही.”

मागच्या रांगेतल्या कुणीतरी कुजबुजलं, “मघाशी बोलले ते यांचेच मिस्टर ना?” आणि ते कुजबुजणं रांगारांगांतून पुढे सरकत आलं, तसतशा माना वळल्या.

त्यांना आधी राग आला, आणि राग येतोय याचं बरंच वाटलं, कारण रागात निदान काय करायचं ते माणसाला कळतं. एवढी वर्षं! रोज एका ताटलीतली बिस्किटं खाल्ली, तापात एकमेकांची डोकी चेपली, आणि या बाईने एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली! उठावं आणि चालू पडावं असं त्यांच्या मनात आलं. पण ते तसेच बसून राहिले आणि बायको बोलत राहिली.

“लोक म्हणतात, अशा बायकांना लपून राहायचंय. मला कधीच लपायचं नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही. सगळे माझ्या वतीने बोलले. आधी माझे वडील बोलले, मग त्या सहीवाल्या बाई, मग सरकार.” ती जरा थांबली. “घरीही.”

मुलगी झाली होती. आमदारांच्या डोक्यात हे वाक्य उशिरा शिरलं, आणि शिरलं ते एकटं नाही. हिला मूल झालं होतं. म्हणजे हिला मूल होत होतं.

आता त्यांच्या पायाखालची जमीन खरोखर सरकली. लग्नाला काही वर्षं झाल्यावर ते दोघं डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, दोघांची तपासणी करू. आमदारांनी हसून उडवून लावलं होतं, “माझी कशाला? मी ठणठणीत आहे.” बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं होतं आणि म्हणाली होती, “राहू द्या हो डॉक्टर. माझ्यातच असेल काहीतरी.” आणि मग आई! पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर, हिला ऐकू जाईल अशा आवाजात ‘वांझ’ म्हणणारी आई, आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले ते स्वतः. त्या घरात असे किती दिवस गेले असतील! एका वाक्यात हिला आईचं तोंड बंद करता आलं असतं. ते वाक्य हिच्याजवळ होतं. हिने ते उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर हिची लाज गेली असती हे खरं, पण त्यांची स्वतःचीही गेली असती. कुणाला झाकायला ती गप्प राहिली असेल, स्वतःला की नवऱ्याला? आमदारांना ते कळेना, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी वर मान करवेना.

“आमदार,” बेकरीवाला कानाशी म्हणाला, “पाणी आणू का?”

आमदारांनी खाली बघतच मान हलवली, नको.

दिवा लाल झाला होता. अध्यक्षबाईंनी हातानेच खूण केली, चालू द्या.

“मला एवढंच सांगायचंय,” बायको म्हणाली, “की विधेयक पास होईल की पडेल ते तुम्ही ठरवा. पण इथलं बोलणं छापलं जातं आणि ते कुणालाही वाचता येतं असं दारात सांगितलं. म्हणून मी बोलायला आले.” मग तिने त्या प्रसूतिगृहाचं नाव सांगितलं. तारीख सांगितली, साल सांगितलं, पहाटेची वेळ सांगितली. मुलीच्या डाव्या कानामागे जन्मखूण होती, तेही सांगितलं. प्रत्येक गोष्ट तिने सावकाश, सुटी सुटी सांगितली, म्हणजे उतरवून घेणाऱ्याचं काही सुटू नये. “ती कुठे असेल तर तिने हे वाचावं. माझं नाव मी त्या वेळचं दिलंय. तिच्या कागदावर तेच असेल.”

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाई, नियमाप्रमाणे तुम्हाला विचारायला हवं. तुम्ही म्हणाल तर तुमचं नाव छापताना गाळता येतं.”

“गाळू नका.”

“बरं. आणि पत्ता? पत्ता द्यायलाच हवा असं नाही. ज्यांना उत्तर यावंसं वाटतं ते देतात.”

एवढं सगळं सलग बोललेली बाई इथे येऊन अडली. सभागृहाला ते कळलं नसेल, आमदारांना कळलं. नाव तिचं होतं, मुलगी तिची होती, सांगितलेला एक एक शब्द तिचा होता. घर मात्र एकटीचं नव्हतं. घर सासूबाईंनी मुलाच्या नावावर करून दिलेलं होतं. त्या घराच्या दारात कुणी यावं हे तिला एकटीला ठरवता येईना. ती मागे वळली आणि तिने आमदारांकडे पाहिलं. आर्जव नव्हतं तिच्या डोळ्यांत. शटर ओढल्यावर खुर्चीत बसून ती भाषण संपायची वाट बघायची, तशीही ती बघत नव्हती. ती घाबरली होती. तिला घाबरलेलं त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

आमदार उठले. कसे उठले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. राग गेला नव्हता, शरम गेली नव्हती, डोकं बधिर झालं होतं, आणि एवढे सगळे लोक त्यांच्याकडे बघत होते.

“चौकातलं चष्म्याचं दुकान,” ते म्हणाले. “त्याच्यावरचा मजला. जिना बेकरीच्या बाजूने आहे.”

“आपण कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मी ह्यांचा नवरा. मघाशी विरोधात बोललो तो.”

कुणी हसलं नाही. टंकलेखक टाइप करू लागला. आमदार बसले नाहीत. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं होतं आणि ते काय आहे हे त्यांना आठवेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती माइकला धरून उभी होती, आणि कधीही न हलणारा तिचा हात थरथरत होता.

“अहो, एक मिनिट,” ते टंकलेखकाला म्हणाले. “त्या दाराची घंटा बिघडलीय. कितीही दाबली तरी वर ऐकू येत नाही. माणूस खालून वाट बघून परत जातो. तिला म्हणावं, हाक मार.”

टंकलेखकाची बोटं थांबली. त्याने आधी आमदारांकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंकडे. “हेही लिहायचं का?”

“ते आधी लिहा,” आमदार म्हणाले.